सीपीआर, व्हेंटिलेटर आणि डीएनआर: आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचे प्रश्न

आयसीयूतल्या रुग्णाबद्दलचे सगळ्यांत अवघड निर्णय बहुतेक वेळा रात्री, घाईत आणि जिन्यात उभं राहून घेतले जातात. तसं होऊ नये म्हणून इथले प्रश्न आधीच वाचून ठेवावेत. कायद्याची माहिती भारतातली आहे आणि व्यवहाराचे तपशील मुख्यतः महाराष्ट्र-गोव्यातल्या रुग्णालयांना धरून दिले आहेत. तुमच्या रुग्णाचा आजार त्याच्या डॉक्टरांनाच नीट ठाऊक असतो. त्यांना काय विचारायचं, हे या उत्तरांतून कळावं.

डॉक्टर विचारतात, “हृदय बंद पडलं तर सीपीआर करायचा का?” सीपीआरमध्ये नेमकं काय करतात?

सीपीआर म्हणजे थांबलेलं हृदय आणि श्वास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न. रुग्णाच्या पाठीखाली कडक फळी सरकवतात किंवा गादी कडक करतात. एक जण दोन्ही तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी किमान ५ सेंटिमीटर खोल छाती दाबतो. दमछाक होते म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. दुसरा जण अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने, श्वास देतो आणि आधी नळी नसेल तर घशातून श्वासनलिकेत नळी टाकली जाते. दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अॅड्रेनलिन शिरेतून देतात. मॉनिटरवर ठरावीक प्रकारची अनियमित लय दिसली तरच शॉक देतात. पूर्ण सपाट रेषेवर शॉकचा उपयोग नसतो, सिनेमात काहीही दाखवोत.

हे सगळं वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ चालतं. वयस्कर माणसाच्या बरगड्या यात अनेकदा मोडतात. ही डॉक्टरांची चूक नसते, कारण तेवढा जोर दिल्याशिवाय रक्त पुढे ढकललं जात नाही. आणि उत्तम सीपीआर झाला तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या साधारण पाव ते एक तृतीयांशच प्रवाह मिळतो. रक्तप्रवाह पूर्ण थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणून हृदय पुन्हा सुरू झालं तरी माणूस पूर्वीसारखा जागा होईलच, असं नाही.

सीपीआरने किती रुग्ण वाचतात?

रुग्णालयात असताना हृदय बंद पडलेल्या १०० प्रौढांपैकी साधारण २० ते २५ जण जिवंत घरी जातात, असं अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींमधून दिसतं. पण हा आकडा सरसकट आहे आणि तुमच्या रुग्णाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा असतो तो हृदय कशामुळे थांबलं याचा.

हार्ट अटॅकच्या पहिल्या तासांत लय बिघडून हृदय थांबलं, पोटॅशियम अचानक वाढलं किंवा श्वासनलिकेतली नळी कफाने बंद झाली, तर मूळ बिघाड दुरुस्त करता येतो. अशा वेळी सीपीआर खरोखर जीव वाचवतो आणि तो करायलाच हवा. दुसरी परिस्थिती वेगळी असते. रुग्ण आधीच व्हेंटिलेटरवर आहे, रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रेनलिन, व्हॅसोप्रेसिन अशी औषधं वाढवत न्यावी लागताहेत, मूत्रपिंडं बंद आहेत आणि यकृतही उतरणीला लागलंय. इथे हृदय सगळ्यात शेवटी थांबतं, बाकीचे अवयव थकल्यामुळे. छाती दाबून ते काही मिनिटांसाठी सुरू होईलही, पण ज्यामुळे थांबलं ते तसंच असतं. त्यामुळे तासाभरात, दोन तासांत पुन्हा तीच वेळ येते.

म्हणून टक्केवारी विचारण्याऐवजी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: “यांचं हृदय बंद पडलं, तर ते कशामुळे पडेल, आणि ते कारण दुरुस्त होण्यासारखं आहे का?” या पानावरचा एकच प्रश्न लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

डीएनआर आणि डीएनएआर वेगळे आहेत का?

व्यवहारात एकच. डीएनआर म्हणजे ‘डू नॉट रिससिटेट’ आणि डीएनएआर म्हणजे ‘डू नॉट अटेम्प्ट रिससिटेशन’. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत डीएनएआर ही संज्ञा वापरली आहे. हृदय किंवा श्वास थांबल्यास सीपीआरचा प्रयत्न करू नये, असा हा वैद्यकीय आदेश असतो.

आम्ही डीएनआरवर सही केली तर उपचार थांबतील?

नाही. डीएनआर फक्त सीपीआरपुरता असतो. अँटिबायोटिक, सलाइन, ऑक्सिजन, वेदनाशामक, रक्त, डायलिसिस, रक्तदाबाची औषधं, रोजच्या तपासण्या, कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता हे सगळं चालू राहू शकतं आणि बहुतेकदा राहायलाच हवं. डीएनआर असलेले किती तरी रुग्ण आयसीयूतून बाहेर येतात, कारण त्यांचं हृदय मुळात बंद पडलेलंच नसतं.

पण इथे एक खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘डीएनआर’ लिहिलं गेलं की रात्रपाळीचा स्टाफ त्याचा अर्थ ‘आता फारसं काही करायचं नाही’ असा घेतो. बेल वाजली तरी उशिरा बघितलं जातं, ताप आला तर तपासणी लांबते. यावर उपाय लेखी आदेशाचाच. फक्त ‘डीएनआर’ या शब्दावर थांबू नका. डॉक्टरांना फाइलमध्ये एकेक गोष्ट वेगळी लिहायला सांगा: सीपीआर नाही, व्हेंटिलेटर लागला तर लावायचा की नाही, डायलिसिस चालू की बंद, रक्तदाबाची औषधं वाढवायची की आहेत तेवढीच, नवा जंतुसंसर्ग झाला तर उपचार करायचा का, वॉर्डात हलवल्यावर पुन्हा आयसीयूत आणायचं का. नंतर ड्युटीवरच्या सिस्टरना विचारा, “आजपासून काय काय चालू राहणार?” त्यांचं उत्तर आणि फाइल जुळली म्हणजे आदेश खालपर्यंत पोचला.

छाती दाबू नका, पण इंजेक्शन आणि शॉक द्या, असं सांगता येईल का?

घरच्यांना हा मधला मार्ग वाटतो, पण शरीराच्या दृष्टीने तो मार्गच नाही. हृदय थांबलेलं असताना शिरेत दिलेलं अॅड्रेनलिन जिथे टोचलं तिथेच राहतं. ते पुढे न्यायला छाती दाबावीच लागते. असा अर्धा सीपीआर रुग्णाला सहसा काही देत नाही, फक्त काहीतरी केल्याचं दिसतं. वेगळं ठरवता येण्यासारख्या गोष्टी हृदय थांबण्याच्या आधीच्या आहेत. उदाहरणार्थ, श्वास अपुरा पडला तर मास्कचं बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावायचं, पण घशात नळी टाकायची नाही. हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे सुसंगत आहे.

डॉक्टरांनी हा विषय काढला, म्हणजे त्यांनी हात टेकले का?

कधी कधी आजार खरोखरच हाताबाहेर गेलेला असतो. पण पुष्कळदा डॉक्टर हे आधीच बोलतात ते रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या, तुमच्या रुग्णाला पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरवर हा निर्णय पडू नये म्हणून. आदेश नसेल तर सीपीआर होणार, हा रुग्णालयाचा नियम असतो. जो डॉक्टर शांतपणे, दिवसाउजेडी, बसून हा विषय काढतो, तो तुमच्या माणसाची काळजीच घेतोय.

‘काही सांगता येत नाही’, ‘चोवीस तास महत्त्वाचे’, ‘देवावर भरवसा ठेवा’ अशी उत्तरं मिळत असतील तर स्पष्ट विचारा. गेल्या तीन दिवसांत कोणता अवयव सुधारला आणि कोणता बिघडला? सगळं चांगलं झालं तर ते कुठपर्यंत बरे होतील, स्वतः जेवू शकतील का, आम्हाला ओळखतील का? तुमच्या मते ते या आजारातून वाचण्याची शक्यता जास्त की जाण्याची? शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. पण तो तुम्ही विचारलात की डॉक्टरांनाही खरं बोलायला वाव मिळतो.

निर्णय कोणाचा असतो? थोरल्या मुलाचाच का?

रुग्ण शुद्धीत असेल आणि समजून बोलू शकत असेल तर निर्णय त्याचाच. आपल्याकडे ‘त्यांना धक्का बसेल’ म्हणून आजार लपवला जातो आणि आईच्या पलंगापासून दहा फुटांवर बाकीचे तिचं ठरवतात. आईला मात्र बरंच काही कळलेलं असतं. तिला विचारा. सगळं एकदम सांगायची गरज नसते. “आई, तुझ्या तब्येतीबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते तुला ऐकायचंय की आम्ही ऐकू?” एवढ्याने सुरुवात होते. ती ‘तुम्हीच बघा’ म्हणाली तर तोही तिचाच निर्णय झाला.

रुग्ण बोलू शकत नसेल आणि त्याने लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, केलं असेल तर त्यात नाव असलेल्या व्यक्ती त्याच्या वतीने बोलतात. तसं काही नसेल तर जवळचे नातेवाईक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात (त्याबद्दल पुढे आलं आहे) बायको आधी की मुलगा, थोरला की धाकटा, असा क्रम लावलेला नाही. लेकीचं लग्न होऊन ती दुसऱ्या घरी गेली म्हणून तिचा शब्द कमी ठरत नाही. रोज शुश्रूषा करणाऱ्या सुनेला सासऱ्यांच्या मनातलं सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं, असंही पुष्कळदा दिसतं.

बोलणारा कोणीही असो, त्याने उत्तर द्यायचं ते ‘मला काय हवं’ याचं नाही, तर ‘त्यांना शुद्ध असती तर ते काय म्हणाले असते’ याचं. शेजारच्या काकांना नळ्या लावलेलं पाहून बाबा काय म्हणाले होते? आजीच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्यांना काय वाटलं होतं? अशी वाक्यं आठवून डॉक्टरांना सांगा आणि फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगा. सीपीआरने वैद्यकीय फायदा होईल का, हे सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची असते. ते ओझं नातेवाइकांनी आपल्या शिरावर घेऊ नये. ‘तुम्ही सांगा, आम्ही तसं करतो’ असं म्हणणाऱ्या डॉक्टरांना “तुमचा सल्ला काय?” असं सरळ विचारा.

भावंडांत एकमत होत नाही. एक भाऊ परदेशात आहे आणि तो ‘सगळं करा’ म्हणतो.

लांब असलेल्या माणसाने शेवटचं पाहिलेलं असतं ते हसतं-बोलतं रूप. त्याचा हट्ट अपराधीपणातूनही येतो आणि प्रेमातूनही. फोनवर निरोप देत बसण्यापेक्षा कौटुंबिक बैठक मागा: वेगळी खोली, अर्धा-पाऊण तास, मुख्य डॉक्टर, एक सिस्टर, जमल्यास मेडिकल सोशल वर्कर, आणि परदेशातला भाऊ व्हिडिओ कॉलवर. सगळ्यांनी एकच माहिती एकाच वेळी ऐकली की निम्मे वाद तिथेच मिटतात. बैठकीची नोंद फाइलमध्ये व्हायला हवी. पुढे रोजची माहिती घ्यायला घरातला एकच माणूस नेमा, नाहीतर तीन डॉक्टरांची तीन वाक्यं तीन नातेवाइकांकडून फिरतात आणि त्यातून नवा गोंधळ उभा राहतो.

तरीही एकमत झालं नाही तर घाई करू नका. तोवर सीपीआरसह पूर्ण उपचार चालू राहतात. दुसऱ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाचं मत घेता येतं, त्यासाठी रुग्णाला हलवावं लागत नाही. फाइल, स्कॅन आणि तपासण्यांच्या प्रती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ठरवता येत नसेल तर काही दिवस प्रयत्न करून बघता येतो का?

येतो, आणि अनेक कुटुंबांसाठी हाच सगळ्यांत चांगला मार्ग असतो. डॉक्टर आणि घरचे मिळून मुदत ठरवतात. आजारानुसार ती दोन-तीन दिवसांपासून आठवडाभर असू शकते. त्या मुदतीत पूर्ण उपचार करायचे आणि काय बघायचं तेही आधीच लिहायचं: रक्तदाबाच्या औषधाचा वेग निम्म्यावर आला का, व्हेंटिलेटरमधला ऑक्सिजन ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांखाली आला का, लघवी सुरू झाली का, गुंगीचं औषध थांबवल्यावर हाक मारली तर डोळे उघडतात का.

हे फसतं ते दोन कारणांनी. एक, मुदत ठरते पण खुणा ठरत नाहीत. मग शेवटच्या दिवशी एखादा आकडा सुधारलेला दिसतो आणि सगळे पुन्हा तिथेच येऊन थांबतात. दोन, मुदत संपते त्या दिवशी नेमके मुख्य डॉक्टर नसतात. म्हणून पुढच्या बैठकीची तारीख आणि वेळ आजच ठरवून घ्या. नळी साधारण एक ते दोन आठवडे राहिली की गळ्याला छिद्र करून नळी बसवण्याचा, म्हणजे ट्रेकिऑस्टॉमीचा, प्रश्न येतो. त्या वळणावर पुढचं सगळं एकदा नव्याने बोलून घ्यावं.

व्हेंटिलेटर एकदा लावला की काढता येत नाही, असं सगळे म्हणतात.

हे खरं नाही. पण या समजुतीमुळे नुकसान मोठं होतं. उपयोग होण्यासारख्या रुग्णालाही घरचे ‘लावूच नका’ म्हणतात, केवळ नंतर अडकू या भीतीने.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. सन्मानाने मरण येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं. बरा न होणाऱ्या रुग्णाचे कृत्रिम आधार न लावणं किंवा लावलेले काढणं, या दोन्हींना मुभा मिळाली. तेव्हाची पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता ती अशी आहे:

१. रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातला किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मत शक्यतो ४८ तासांत.

२. मग दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले, तेवढ्याच अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचंही मत शक्यतो ४८ तासांत.

३. लिव्हिंग विलमध्ये नेमलेल्या व्यक्तींची, ते नसेल तर जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती.

४. आधार काढण्याआधी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

म्हणजे घरच्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढायची गरज सहसा नसते. अडतं ते दुय्यम मंडळापाशी, कारण बाहेरचा डॉक्टर कोण आणि त्याला कोणी बोलवायचं, हे छोट्या रुग्णालयात ठरलेलं नसतं. “तुमच्याकडे दुय्यम मंडळाची व्यवस्था आहे का?” हे आधीच विचारून ठेवा. फक्त सीपीआर न करण्याच्या आदेशासाठी डॉक्टर आयसीएमआरच्या २०२० च्या तत्त्वांनुसार चालतात: चर्चा, नोंद, सही आणि वेळोवेळी फेरविचार.

हे इच्छामरण आहे का? आम्हीच बाबांना मारतोय असं वाटतं.

विष किंवा इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं भारतात गुन्हा आहे, आणि इथे ते कोणी करत नाही. आजाराने येणारा मृत्यू यंत्रांनी लांबवत न नेणं वेगळं. न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आहे.

या कायद्याची वाट मुंबईतूनच गेली. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं तिथेच होत्या आणि परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्यासाठीची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळली गेली, पण त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीने आधार काढून घेण्याची तरतूद पहिल्यांदा मान्य झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. त्यांची अवस्था आणि आयसीयूत अवयव एकेक करून बंद पडत चाललेल्या रुग्णाची अवस्था, दोन्ही वेगळ्या आहेत. शेवटचे काही दिवस सोडले तर त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या.

अपराधी वाटणं मात्र कायद्याच्या वाक्याने जात नाही. ते वाटणारच. त्यासाठी डॉक्टरांकडून एक गोष्ट स्पष्ट ऐकून घ्या: सही केली नसती तरी आजाराने हेच होणार होतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर मृत्यूचं कारण तो आजार आहे, तुमची सही नाही.

लिव्हिंग विल कसं करायचं?

अठरा वर्षांवरील, समजण्याच्या स्थितीत असलेल्या कोणालाही करता येतं. लेखी हवं, दोन साक्षीदारांसमोर सही हवी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन हवं. २०२३ पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, ती अट गेली. तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं लिहा, म्हणजे एक जण गावी असला तरी अडत नाही.

मजकूर नेमका असावा. ‘मला त्रास देऊ नये’ या वाक्यावरून डॉक्टर काहीच ठरवू शकत नाही. ‘मी कुणाला ओळखू शकत नसेन आणि सुधारण्याची शक्यता नाही असं मंडळांचं मत झालं, तर सीपीआर, व्हेंटिलेटर, डायलिसिस नको, वेदना आणि धाप कमी करणारी औषधं पुरेशी द्यावीत’ असं लिहिलं तर त्याप्रमाणे वागता येतं. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं, बदलता येतं.

एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याकडे, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते. मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात केली. दुसरी प्रत फॅमिली डॉक्टरकडे आणि नेमलेल्या प्रत्येकाकडे द्या. मालमत्तेच्या मृत्युपत्रात हे मिसळू नका, कारण मृत्युपत्र मरणानंतर उघडतात. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला कागदही आयसीयूत उपयोगाचा नाही. मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधला आगाऊ निर्देश ही याहून वेगळी गोष्ट आहे, तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरताच चालतो.

ब्रेन डेड म्हणजे कोमा का?

नाही. कोमातला रुग्ण जिवंत असतो आणि काही जण त्यातून बाहेर येतात. मेंदूच्या मुळाचं काम कायमचं थांबलं की तो ब्रेन डेड. स्वतःचा श्वास नसतो, हृदय व्हेंटिलेटरच्या ऑक्सिजनवर काही काळ चालतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून हे जाहीर करतात. अवयवदान करायचं असेल तर मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत समन्वय होतो. नेत्रदान मात्र बहुतेक मृत्यूंनंतर, शक्यतो सहा तासांच्या आत करता येतं.

आधार काढल्यावर त्यांना गुदमरल्यासारखं होईल का? उपाशी राहतील का?

नीट केलं तर नाही. आधी मॉर्फिन किंवा फेंटानिल आणि गुंगीसाठी मिडॅझोलॅम सुरू करतात आणि श्वास शांत होईपर्यंत डोस वाढवतात. त्यानंतरच व्हेंटिलेटर कमी करत नेतात किंवा नळी काढतात. घशातली घरघर कमी करायला ग्लायकोपायरोलेट देतात. मॉनिटरचे आवाज बंद करायला सांगा. मृत्यू काही मिनिटांत येतो, कधी काही तासांत, क्वचित काही दिवसांनी. हे आधी माहीत नसलं की वाट पाहणाऱ्यांना प्रत्येक श्वासाची धास्ती वाटते.

शेवटच्या टप्प्यात शरीराला भूक लागत नाही. जास्त सलाइनने उलट सूज आणि कफ वाढतो. तोंड मात्र कोरडं पडतं, ते ओल्या कापसाने वारंवार टिपत राहावं. गंगाजल आणि तुळशीपत्र द्यायचं असेल तर सिस्टरना विचारून ओठ आणि जीभ ओली करण्यापुरतंच द्या. चमच्याने ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि ठसका लागून त्रास होतो. तुळशीचं पान ओठांवर टेकवलं तरी पुरतं. नामस्मरण, कुराणपठण, फादरांना बोलावून पवित्र तेल लावणं, यासाठी वेळ मागा. भेटीच्या वेळेचा नियम अशा वेळी शिथिल करण्याची विनंती जरूर करा.

पैसे संपले आहेत. ‘दामा’वर सही करून घरी नेऊ का?

दामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. खर्च पेलवत नाही म्हणून हजारो कुटुंबं ही वाट धरतात, त्यांना दोष देता येणार नाही. पण यात रुग्णाचे हाल होतात: अंबू बॅग दाबत घरी आणलं जातं, नळी काढली जाते आणि धाप कमी करायला घरात एकही औषध नसतं.

सही करण्याआधी तीन गोष्टी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारा. धर्मादाय ट्रस्टचं रुग्णालय असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात, त्यासाठी मेडिकल सोशल वर्करना भेटा. आणि डॉक्टरांना सरळ सांगा, “आम्हाला दामा नको. त्रास कमी करणारे उपचार चालू ठेवून वॉर्डात हलवता येईल का?” वॉर्डाचा खर्च आयसीयूपेक्षा खूप कमी असतो.

घरीच न्यायचं ठरलं तर डिस्चार्ज कार्डावर निदान, डीएनआरचा निर्णय आणि औषधं लिहून घ्या. मॉर्फिन प्रत्येक दुकानात मिळत नाही, ते रुग्णालयातूनच मिळतं का ते बघा. घरी येऊ शकेल अशा डॉक्टरशी आधीच बोला, कारण घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, त्यांनीच द्यायचा असतो. तो नसला की स्मशानभूमीत खोळंबा होतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. कर्करोगाच्या रुग्णांसाठी मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यात लोटलीला शांती आवेदना सदन आहे, तर पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर.

इथला डीएनआर दुसऱ्या रुग्णालयात चालतो का? ऑपरेशनच्या वेळी काय?

नव्या रुग्णालयात नवा आदेश लागतो. जुन्या कागदाची प्रत दाखवा, पण तिथल्या डॉक्टरांशी पुन्हा बोलावंच लागेल. रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनाही निघण्याआधी सांगा. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांशी वेगळं बोला. भूल दिल्यावर हृदय थांबलं तर कारण बहुधा तात्पुरतं असतं, म्हणून त्या काही तासांपुरता आदेश स्थगित ठेवावा का, हे आधी ठरवून लिहितात.

अपघाताची केस आहे, पोलिसांत नोंद झाली आहे. मग डीएनआर करता येतो का?

येतो. वैद्यकीय निर्णय आजाराच्या स्थितीवरच होतो. फक्त अपघात, भाजणं, विषबाधा अशा प्रकरणांत नोंदी अधिक काटेकोर ठेवाव्या लागतात, मृत्यूनंतर पोलिसांना कळवलं जातं आणि बहुतेक वेळा शवविच्छेदन होतं. त्यात काही तास जातात. गावाहून येणाऱ्यांना आणि अंत्यविधीची तयारी करणाऱ्यांना तेवढा वेळ धरूनच कळवा.